पंखा तीनवर, झोपाळा अंदमानला

बालाजीरावांची बोट बर्मा सागवानाची होती, चार पितळी साखळ्यांवर तोललेली होती आणि चेन्नईच्या मैलापुरात दुसऱ्या मजल्यावर, हॉलच्या मधोमध, छताला टांगलेली होती. आजवर तिला सगळे झोपाळाच म्हणत. तिची बोट झाली ती वडामांमुळे.

वडाम म्हणजे आपल्या कुरडया-पापड्यांचे तमिळ चुलतभाऊ. वैशाखातल्या उन्हात चेन्नईच्या गच्च्या त्यांनी पांढऱ्या होतात. पण त्या वर्षी तुळजाबाईंचे वडाम दोनदा वाया गेले. एकदा भलत्याच वेळी सर आली, आणि दुसऱ्यांदा वाऱ्याने वडाम, खालची जुनी साडी आणि चार कोपऱ्यांवरचे दगड यांतले फक्त दगड जागेवर ठेवले. बाकीचं राममूर्तींच्या अंगावर पडलं. राममूर्ती हे बिल्डिंगच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. गच्चीवरून खाद्यपदार्थ खाली येण्याबाबत त्यांनी लेखी खुलासा मागितला. बालाजीरावांचा जन्म बँकेत गेलेला, त्यांनी तो दोन प्रतींत दिला.

"इतकी वर्षं बँकेंत बसलांत," तुळजाबाई म्हणाल्या, "उद्यां वारा कोठून येणार, एवढं सांगायला येईना?"

तंजावरकडच्या मराठी घरांतून बायको टोमणासुद्धा तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठीत मारते, त्यामुळे तो खोलवर जातो. बालाजीराव झोपाळ्यावर बसले आणि मोबाइलवर वारा शोधू लागले. शोधता शोधता त्यांना जी वेबसाइट सापडली ती गच्चीवाल्यांसाठी नव्हती. भर समुद्रातून शिडाच्या बोटी नेणाऱ्यांना तिथे सल्ला मिळत असे. बोट कोणती आणि जायचं कुठे ते कळवा. निघायचं कधी, वळायचं कुठे आणि वादळाला बगल कशी द्यायची ते आम्ही सांगू. पहिला महिना मोफत. हा शेवटचा शब्द वाचल्यावर निवृत्त माणसाला बाकीचं वाचायची गरज राहत नाही.

माहिती मात्र बरीच विचारत होते. बोटीची लांबी? बालाजीरावांनी झोपाळा मापला आणि सात लिहिलं. सात फूट की सात मीटर हे कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. लाकूड? बर्मा साग. माणसं किती? दोन. किनाऱ्यावर कोणाला कळवायचं? आता हा रकाना रिकामा सोडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ज्या माणसाने उभा जन्म लोकांना "नॉमिनीचं नाव लिहा" म्हणून दटावलं, त्याच्याच्याने रिकामा रकाना बघवत नाही. त्यांनी मेव्हण्याचं नाव लिहिलं: वादिराज, टी. नगर, साड्यांचं दुकान. खाली फोन नंबरही घातला.

संध्याकाळी फोन आला.

"कॅप्टन बालाजीराव का? मी ऊर्मी. पुण्याहून बोलतेय. नाव बघितलं आणि म्हटलं, मराठीतच बोलूया."

बालाजीराव उठून उभे राहिले. कॅप्टन असं त्यांना कोणी कधी म्हटलं नव्हतं. बँकेत त्यांना मागच्या टेबलावरचे सर म्हणत.

"बोला, ताई," ते म्हणाले. "आपली मजवर कृपा झाली."

"काका, तुमचं मराठी ऐकून मलाही उभं राहून बोलावंसं वाटायला लागलं," ऊर्मी म्हणाली. "बरं, जायचं कुठे ते तुम्ही लिहिलंच नाहीये."

खरं सांगायची हीच वेळ होती. ताई, बोट नाही, वडाम आहेत, एवढी पाचसहा शब्दांची गोष्ट. बालाजीरावांनी मदतीसाठी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तुळजाबाई साबुदाण्याचं कूळ, म्हणजे वडामाचा चीक, ढवळत होत्या. फोनवरचं सगळं त्यांना ऐकू जात होतं. पळी न थांबवता आणि मान न वळवता त्या म्हणाल्या, "अंदमान म्हणा."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बालाजीरावांनी त्यांना बोटीने अंदमानला नेतो असं सांगितलं होतं. त्यानंतर बँकेत एक ऑडिट आलं, मग दुसरं, आणि मग गुडघे आले. तुळजाबाईंनी तो विषय पुन्हा काढला नव्हता. म्हणूनच बालाजीराव खरं सोडून फोनमध्ये म्हणाले, "अंदमान. पोर्ट ब्लेअर."

त्या दिवसापासून घर बदललं. ऊर्मी रोज सकाळ-संध्याकाळ निरोप पाठवू लागली आणि बालाजीराव ते बायकोला वाचून दाखवू लागले. समुद्रावर सरळ रेघ ही सर्वांत लांबची वाट असते, ही गोष्ट त्यांना ऊर्मीकडून कळली. तिचा कॉम्प्युटर उद्याच्या, परवाच्या, तेरवाच्या वाऱ्यावर शेकडो बोटी सोडून बघतो, त्यांतली कोणती आधी पोहोचते ते पाहतो, आणि मग तीच वाट सांगतो. ती वाट वाकडीतिकडी असते, पण तिच्यावर वारा आपल्या बाजूचा असतो. तुळजाबाईंना हे फार पटलं. "सरळ जाणाऱ्यांचें काय होतें तें मी बँकेंत पाहिलेंच," त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या.

"ताई, आपण समुद्रांत पुष्कळ हिंडला असाल," बालाजीरावांनी एकदा विचारलं.

"वारा सगळीकडे सारखाच असतो, काका," ऊर्मी घाईने म्हणाली आणि विषय बदलला. तुमच्याकडे आत्ता वारा कुठून आहे तेही कळवत जा, असं तिने सुचवलं.

यातून झेंड्याचं प्रकरण उद्भवलं. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बालाजीरावांनी गच्चीवर काठी रोवली आणि तिला एका जुन्या साडीचा लाल-काळा काठ बांधला. तासाभरात राममूर्ती वर आले. चेन्नईत रंग नुसते रंग नसतात, हे बालाजीराव वाऱ्याच्या नादात विसरले होते. "सर, ही रेसिडेन्शियल बिल्डिंग आहे. पक्षाचं काम बाहेर करा," राममूर्तींनी बजावलं. बालाजीरावांनी हिरवी पट्टी बांधली, तर तोही कोणाचा तरी रंग निघाला. पिवळ्याला समोरच्या बिल्डिंगमधून क्रिकेटवेड्या पोरांच्या टाळ्या आल्या, म्हणून पिवळी उतरवली. शेवटी त्यांनी स्वतःच्या धोतराची पांढरी चिंधी लावली. त्यावर खालच्या मजल्यावरची दोन माणसं, घरात कोण गेलं, म्हणून विचारायला आली.

इथवर सगळं नवरा-बायकोत होतं. पण एके दिवशी हरिप्रिया आली. हरिप्रिया वादिराजची बायको. ती दरवर्षी परदेशी जाई आणि परत आल्यावर नणंदेकडे येऊन मोबाइलमधले फोटो एकेक करून दाखवी. फोटो काढायला लागला नसेल इतका वेळ ती तो दाखवायला घेई. यंदा बाली बेट होतं. "अक्का, तुम्हीपण कुठंतरी जाऊन यायचं होय," ती म्हणाली. "आयुष्यभर या झोपाळ्यावरच बसणार काय?"

तुळजाबाईंनी फोटो बाजूला ठेवला. "चाललों की," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यांत. बोटीनं अंदमानला."

हरिप्रिया गेल्यावर बालाजीरावांनी पडदे ओढले. मग म्हणाले, "आतां घराबाहेर पडतां यायचें नाहीं."

"बोटींत असल्यावर बाहेर कोठें पडणार?" तुळजाबाईंनी विचारलं.

ऊर्मीने तीन वेळा निघणं पुढे ढकललं. वाऱ्याची वाट बघणं हाच अर्धा प्रवास असतो, असं ती म्हणे. शेवटी एका सकाळी निरोप आला: निघा. तुळजाबाईंनी झोपाळ्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि खाली चार लिंबं ठेवली. चेन्नईत नवं वाहन चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय हलत नाही. झोपाळ्याला चाकं नसल्यामुळे ते काम कॅप्टनच्या टाचेवर आलं. पहिली तीन लिंबं फुटली. चौथं गुळगुळीत होतं, ते निसटलं आणि त्याच्याबरोबर बालाजीरावही. बोट अशा रीतीने बंदरातून सुटली, आणि कॅप्टनच्या घोट्याला आंबेहळदीचा लेप होता.

पुढचे दिवस बालाजीरावांना जन्मभर पुरतील असे गेले. वारा नैर्ऋत्येचा, बारा नॉट, असं ऊर्मीने कळवलं की टेबलफॅन झोपायच्या खोलीच्या दारात ठेवून तीनवर लावायचा. मंद वारा असला की दोनवर. वास्तुशास्त्राने झोपायची खोली नैर्ऋत्येला सांगितली आहे ती याचसाठी असावी. आपण कुठवर आलो ते बालाजीराव ऊर्मीच्याच अंदाजावरून तिला परत कळवत. पडदे ओढलेले असत. साखळ्या करकरत. बाहेरून भाजीवाल्याची हाक येई ती फार लांबून, दुसऱ्या कुठल्या तरी बोटीवरून आल्यासारखी. संध्याकाळी खरा समुद्राचा वारा मैलापूरच्या गल्ल्यांतून वर येई, पडद्याला पोट सुटे, आणि हॉलमध्ये खारट वास भरून राही.

"खालीं काय आहे?" तुळजाबाई विचारत.

"तीन किलोमीटर पाणी."

मग तुळजाबाई पाय वर घेऊन बसत. पोथीतल्या गोष्टी ऐकाव्यात तशा त्या वाऱ्याच्या बातम्या ऐकत. कधी त्या झोपाळ्यावरच पेंगत, आणि बालाजीराव एका पायाने जमिनीला अगदी हलका रेटा देत राहत. बायकोला कुठेतरी नेतो आहोत असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. त्यांच्या मनात एकच होतं: ही पोर्ट ब्लेअरला पोहोचली पाहिजे. मग जग काय म्हणायचं ते म्हणो.

अर्धी वाट झाली तेव्हा ऊर्मी फोनवर गंभीर झाली. "काका, दक्षिणेकडे हवेचा दाब कमी होतोय. तो वर सरकेल. मी म्हणेन तिथे तुम्हाला थांबावं लागेल. दोन्ही वेळा निरोप आलाच पाहिजे. नाही आला तर मी किनाऱ्यावर कळवेन."

बालाजीरावांनी कडक आवाजात होकार दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बायकोबरोबर गच्चीवर गेले. समुद्रात असलो तरी वडाम घालायचे राहिले होते, आणि अंधारात कोणी बघणार नव्हतं. पातेल्यात कूळ वाफाळत होतं. बालाजीराव ओणवे होऊन ढवळत असताना निरोपाची घंटी वाजली आणि सदऱ्याच्या खिशातला मोबाइल, जणू हाक मारली म्हणून, सरळ त्या चिकात उतरला.

पळीने काढला तेव्हा त्यावर साबुदाण्याचा पापुद्रा धरला होता. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बघायला आलेल्या राममूर्तींनी तो पाहिला आणि या माणसाने प्रथमच खुलासा न मागता सल्ला दिला: "तांदळात पुरा. पोन्नी तांदूळ हवा. बासमती ओल ओढत नाही." तुळजाबाईंचं मत तूरडाळीला होतं. शेवटी तांदळाच्या डब्यात मोबाइल पुरला गेला आणि वर झाकण बसलं.

ऊर्मीचा नंबर त्यातच होता. दुसऱ्या कुठल्या यंत्रावरून निरोप पाठवायचा तर पासवर्ड आठवत नव्हता. दुरुस्तीचं दुकान समोर होतं, पण समुद्राच्या मध्यावर असलेला माणूस मैलापुरात रस्ता कसा ओलांडणार? वादिराजच्या दुकानातली निम्मी माणसं याच रस्त्याने येत-जात. त्यात दुष्काळात तेरावा महिना, दुपारी सुटलेल्या वावटळीत एक कडुनिंब विजेच्या तारांवर आडवा झाला. दिवे गेले. पंखा थांबला. तुळजाबाईंचा मोठ्या बटणांचा फोनही थोड्या वेळाने निजला. खऱ्या समुद्रावर वादळ घोंघावत होतं, आणि या बोटीवर वाऱ्याची झुळूकही नव्हती. दोघं घामाने भिजून, वर्तमानपत्राने वारा घेत, बंगालच्या उपसागरात अडकून पडले.

"ती पोर काळजी करीत असेल," तुळजाबाई सारखं म्हणत. बालाजीरावांना काही सुचत नव्हतं. दिवसातून चार वेळा ते डब्याचं झाकण उघडत आणि तांदूळ बाजूला सारून बघत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराला बाहेरून किल्ली लागली.

वादिराजकडे घराची जास्तीची किल्ली होती. दार उघडलं तेव्हा तो पुढे होता, मागे हरिप्रिया होती, आणि दोघांचे डोळे सुजलेले होते. आत मेणबत्ती जळत होती. झोपाळ्यावर त्याची बहीण आणि भावोजी मांडीवर ताटं घेऊन दहीभात खात होते.

"चपला बाहेर काढ रे," तुळजाबाई म्हणाल्या. दुसरं काही त्यांना सुचलं नाही.

वादिराज मटकन खाली बसला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. पुण्याच्या कोणा मुलीचा फोन आला होता. दोघं वयस्कर माणसं लहानशा शिडाच्या बोटीत, वादळाच्या वाटेवर, दोन्ही वेळचे निरोप चुकले. अंदमानची बोट म्हणजे मोठं जहाज, अशी वादिराजची समजूत होती. शीड ऐकल्यावर त्याने दुकान तसंच उघडं टाकलं. तो बंदराच्या एका कचेरीत गेला. तिथे बोटीचा नोंदणी क्रमांक मागितला. नाही म्हटल्यावर, बोट कोणत्या दिवशी सुटली ते रजिस्टरमध्ये पाहिलं. सुटलीच नव्हती. "न सुटलेली बोट हरवल्याची तक्रार घेता येत नाही," असं साहेब म्हणाला. "आधी ती सुटल्याचा दाखला आणा, मग हरवल्याचं बघू." निदान बोटीचा फोटो तरी द्या, असं ठरलं, म्हणून वादिराज तो शोधायला इथे आला होता.

"फोटो हवा म्हणाला," वादिराज झोपाळ्याकडे बोट करत म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "याचा काढून नेऊं? मी दोन दिवस जेवलों नाहीं, अक्का."

हरिप्रियेने पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की रडत होती ते मेणबत्तीच्या उजेडात कळेना. बालाजीरावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण दुसऱ्या मजल्यावर तीही सोय नव्हती. खालमानेने त्यांनी ताट बाजूला ठेवलं. तुळजाबाई मात्र झोपाळ्यावरून उतरल्या नाहीत. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि दोन्ही हातांनी त्यांनी साखळ्या घट्ट धरल्या होत्या. आत्ता उतरलं की प्रवास संपला, हे त्या ओळखून होत्या.

तेवढ्यात वीज आली. झोपायच्या खोलीच्या दारातला पंखा तीनवर फिरू लागला, मेणबत्ती विझली, आणि स्वयंपाकघरातून, अगदी दबलेली, तांदळाखालून येणारी घंटी वाजू लागली.

बालाजीराव लंगडत गेले. मोबाइल बाहेर काढला, फुंकर मारून दाणे उडवले, आणि आवाज मोठा करून सगळ्यांमध्ये उभे राहिले. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"काका?" ऊर्मी म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "काका, तुम्ही कुठे आहात?"

"मैलापुरांत, ताई. बोट नाहीं. झोपाळा आहे. वडाम वाळवायचे होते, म्हणून…" त्यांनी फोनपुढे मान वाकवली. "आपण दोन दिवस झोपला नसाल. मजकडून फार मोठा अपराध झाला."

मग ती म्हणाली, "मला तुमचा इतका राग आलाय, काका, की काय बोलावं कळत नाही. दोन रात्री मी नकाशावर तुमचा ठिपका कुठे वाहत गेला असेल ते बघत बसलेय."

"रागें भरा, ताई. हक्क आहे आपला."

"आणि हसूही येतंय," ती म्हणाली, आणि मग थोडी थांबली. "मीसुद्धा समुद्रात कधी गेले नाहीये. एकदा पानशेतच्या तलावात बोटीत बसले, तर काठापर्यंत उलट्या झाल्या. मी इथे बाल्कनीत बसून लोकांना समुद्रापार नेते. आजवर हे कोणाला सांगितलं नव्हतं."

तुळजाबाईंनी हात पुढे केला. बालाजीरावांनी मोबाइल त्यांच्याकडे दिला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मी तुळजा बोलतें. बोटीवरून. मला एवढेंच सांग, अंदमान अजून किती लांब?"

वादिराज बहिणीकडे बघत होता. ती इतकी लहान त्याला कधी दिसली नव्हती, अगदी त्याच्या लहानपणीसुद्धा.

"थांबा हं, काकू," ऊर्मी म्हणाली. कळांचा टकटक आवाज आला. तिचा स्वर पुन्हा कामाचा झाला. "वादळ उत्तरेकडे गेलं. तुम्ही दोन दिवस हलला नाहीत ते फार चांगलं केलंत, मी तेच सांगणार होते. आता वारा पाठीमागून आहे. आत्ताच निघा, वेळ घालवू नका."

मग वादिराज उठला. डोळे पुसले, चपला दाराबाहेर ठेवल्या आणि परत येऊन झोपाळ्याच्या कडेला हात लावला. "वारा कोठून म्हणाली ती?" त्याने विचारलं.

"पाठीमागून," बालाजीराव म्हणाले. वादिराजने हलकेच झोपाळा ढकलला.

उरलेला प्रवास चौघांचा झाला. दुकान बंद करून वादिराज यायचा, हरिप्रिया जेवणाचे डबे आणायची आणि पंख्याच्या बटणाचं काम तिने मागून घेतलं. राममूर्तींनी करकरणाऱ्या साखळ्यांबद्दल नोटीस दिली, आणि नोटीस द्यायला आले ते साखळ्यांना तेल घालून गेले.

एका सकाळी, ऊन नुकतंच पडद्यावर आलं असताना, निरोप आला: समोर दिवा दिसेल, वेग कमी करा, पोहोचलात. हरिप्रियेने पंखा दोनवर आणला, मग एकवर, मग बंद केला. झोपाळ्याचा झोका आपला आपण लहान होत होत थांबला. तिने खाली, किनारा म्हणून, रांगोळीची दोन बोटं ओढली होती. फोटो काढायला तिने मोबाइल वर धरला होता, पण तो तसाच राहिला.

तुळजाबाईंनी साखळी धरून आधी एक पाय टेकला, मग दुसरा. उभ्या राहिल्या आणि एकदम झोकांडल्या. बालाजीराव आणि वादिराज दोघांनीही त्यांना धरलं.

"काय झालें?" बालाजीराव घाबरून म्हणाले.

"कांहीं नाहीं," तुळजाबाई त्यांच्या दंडाला धरून, डोळे मिटून म्हणाल्या. "बरेच दिवस पाण्यांत होतों ना. जमीन हलतेय."